रात्री काही न खाता सकाळी शुगर २४० कशी?

पत्र : डॉक्टर, माझे वडील ६३ वर्षांचे आहेत. १३ वर्षांपासून शुगर आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू होतं, मध्ये तिसरी गोळी वाढवली. तरी या वेळी एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) १०.४ आलं, उपाशीपोटी २४०. बाबा रात्री आठला एक भाकरी खातात, त्यानंतर तोंडात काही घालत नाहीत. मग सकाळी एवढी साखर येते कुठून? चार महिन्यांत वजन सात किलो उतरलंय, रात्री तीनदा लघवीला उठतात. डॉक्टरांनी रोज रात्री १० युनिट ग्लार्जिन इन्शुलिन पेननं घ्यायला सांगितलं, पण बाबांनी साफ नकार दिलाय. आत्याला इन्शुलिन लावलं आणि वर्षाच्या आत पाय कापावा लागला, हे त्यांच्या डोक्यातून जात नाही. शिवाय ते माळकरी आहेत, इन्शुलिन जनावरांपासून काढतात असं कुणीतरी त्यांना सांगितलंय. तीन महिन्यांनी वारी आहे, ती चुकवणार नाहीत. भाऊ म्हणतो काढा सुरू करू, नाहीतर ती नवीन वजन कमी करायची इंजेक्शनं आणू. मला स्वतःला सुईची भीती वाटते. काय करू? – एक मुलगी, सांगली जिल्हा

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे : चार महिन्यांत सात किलो. शुगरवाल्या माणसाचं वजन उतरलं की घरात कौतुक होतं, पथ्य लागू पडलं म्हणतात. पण न ठरवता उतरलेलं वजन, रात्रीची लघवी आणि १०.४ हे तिन्ही एकत्र आले की त्याचा अर्थ वेगळा असतो. रक्तात साखर भरपूर आहे, पण ती पेशींच्या आत न्यायला इन्शुलिन पुरत नाही. मग शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू मोडून खातं, आणि न वापरलेली साखर पाणी ओढत लघवीवाटे निघून जाते. अशा माणसाला आणखी गोळ्या वाढवत बसायचं नसतं. जे कमी पडतंय तेच द्यायचं असतं. तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलंय, आणि मला विचाराल तर थोडं आधी सांगितलं असतं तरी चाललं असतं.

वजनाचा आकडा डॉक्टरांना नक्की सांगितलाय ना, तेवढं पाहा. साठीनंतर आवाक्यात असलेली शुगर अचानक बिघडली आणि सोबत वजन घसरलं, तर एकदा स्वादुपिंडाची सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करून घ्यायचा का, हे विचारायला हवं. बहुतेकांच्या बाबतीत काही निघत नाही. पण प्रश्न रास्त आहे, विचारायला संकोच करू नका. लघवीतले कीटोनही, म्हणजे शरीर चरबी मोडतं तेव्हा तयार होणारे पदार्थ, एकदा तपासून घ्या.

आता २४० चं. हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच, आणि विचारणाऱ्याच्या बाजूला बसलेला पेशंट हमखास खाली मान घालून बसलेला असतो, कारण घरच्यांना वाटतं तो रात्री उठून डबे उघडतो. बाबांवर असा आळ आला असेल तर तो आधी काढून घ्या. ती साखर भाकरीतून आलेली नाही, यकृतातून आली आहे.

स्वादुपिंड म्हणजे पोटात जठराच्या मागे आडवी पडलेली ग्रंथी. तिचा बहुतेक भाग अन्न पचवणारा रस तयार करतो. पण त्या मांसात ठिकठिकाणी पेशींचे बारीक पुंजके विखुरलेले असतात. १८६९ मध्ये बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं ते प्रथम नोंदवले, आणि ते काय करतात हे त्याला स्वतःलाही कळलं नव्हतं. पुढे १८८९ मध्ये मिंकोव्हस्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं, तर त्याला मधुमेह झाला, आणि मग शोधाची दिशा ठरली. या पुंजक्यांतल्या बीटा पेशी इन्शुलिन बनवतात, अल्फा पेशी ग्लुकॅगॉन बनवतात. ही दोन संप्रेरकं एकमेकांच्या उलट काम करतात. आपण जेवलो की इन्शुलिन वाढतं, साखर पेशींत जाते, उरलेली यकृतात साठते. आपण झोपलो की ग्लुकॅगॉन यकृताला साखर सोडायला लावतं, कारण मेंदूला रात्रीही साखर लागते. निरोगी माणसात इन्शुलिन रात्रभर अगदी थोडं थोडं सुटत राहतं आणि यकृताला आवरून धरतं.

बाबांच्या बाबतीत हा आवर सुटलाय. इन्शुलिन कमी, आणि अल्फा पेशींवरचा इन्शुलिनचा धाकही कमी, त्यामुळे ग्लुकॅगॉन गरजेपेक्षा जास्त. टाइप २ मधुमेहात हा दुहेरी घोळ असतो, लोक फक्त अर्धाच ऐकतात. यकृत रात्रभर साखर ओतत राहतं आणि सकाळी सहाला मीटरवर २४० दिसते. म्हणून भाकरी अर्धी करून ही साखर खाली येणार नाही. रात्री घ्यायचं ग्लार्जिन नेमकं हेच काम करतं. ते हळूहळू, साधारण २४ तास झिरपत राहतं आणि यकृताला आवरतं.

गोळ्या का थकल्या? ग्लिमेपिराइड स्वतः इन्शुलिन नसते, ती बीटा पेशींना आणखी इन्शुलिन सोडायला लावते. पेशी शिल्लक असतील तोवर ते चालतं. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासातून दिसलं की टाइप २ चं निदान होतं तेव्हाच बीटा पेशींचं काम निम्म्याच्या आसपास आलेलं असतं, आणि पुढे ते कमीच होत जातं. बाबांना १३ वर्षं झाली. यात त्यांचा दोष नाही. आणि इन्शुलिनची गोळी का नाही, असं ते विचारतीलच : ते ५१ अमिनो आम्लांचं प्रथिन आहे, पोटात गेलं तर डाळीसारखं पचून जाईल.

आत्याबद्दल. मला तुमच्या आत्याचे कागद माहीत नाहीत, पण ही गोष्ट मी इतक्या घरांत ऐकली आहे की क्रम सांगू शकतो. अनेक वर्षं शुगर वाढलेली, पायाची संवेदना गेलेली, मग जखम, जखमेत पू, मग दवाखाना. जंतुसंसर्ग आणि ऑपरेशन असलं की शुगर ताबडतोब आणि नेमकी खाली आणावी लागते, म्हणून तिथे इन्शुलिन लावतातच. घरच्यांच्या लक्षात मात्र एवढंच राहतं की इन्शुलिन लावलं आणि पाय गेला. पाऊस सुरू झाल्यावर छत्री उघडली आणि पाऊस छत्रीनं आणला म्हटलं, तसं हे आहे. बाबांना एकच विचारा : आत्याच्या पायाला मुंग्या इन्शुलिनच्या आधी येत होत्या की नंतर?

‘एकदा लावलं की सुटत नाही’ हे अर्धं खरं आहे, म्हणून ते खोडणं अवघड जातं. इन्शुलिनची सवय लागत नाही. शुगर बराच काळ खूप चढलेली असली की तिच्या माऱ्यानं बीटा पेशी आणखी गप्प बसतात. काही महिने इन्शुलिन दिल्यावर त्या थोड्या सावरतात, आणि काहींचा डोस कमी होतो, काहींचं बंदही होतं. पण १३ वर्षांनंतर बाबांचं बंद होईल असं आश्वासन मी देणार नाही, तुम्हीही देऊ नका. चष्मा कायमचा लागला म्हणून कुणी नकार देत नाही, एवढंच म्हणेन.

आणि इन्शुलिन म्हणजे शेवटची पायरी, असं लोक म्हणतात ते? जानेवारी १९२२ पर्यंत मधुमेही मुलांना उपाशी ठेवणं हाच उपचार होता, म्हणजे साखरेनं मरायच्या ऐवजी भुकेनं मरायचं. त्या महिन्यात टोरंटोमध्ये लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या, जेमतेम ३० किलोच्या मुलाला बँटिंग आणि बेस्ट यांनी काढलेला स्वादुपिंडाचा अर्क टोचला. ११ जानेवारीचं ते पहिलं इंजेक्शन फसलं. अर्क अशुद्ध होता, टोचलेल्या जागी गळू झालं. मग कॉलिप या रसायनतज्ज्ञानं तो शुद्ध केला, २३ तारखेला पुन्हा दिला आणि मुलाची साखर उतरली. तो आणखी १३ वर्षं जगला. पुढच्याच वर्षी, १९२३ मध्ये, बँटिंग आणि त्याला प्रयोगशाळा देणारे प्राध्यापक मॅक्लाउड यांना नोबेल मिळालं. पहिल्या दिवसापासून हे औषध मरणाच्या दारातून परत आणणारं म्हणून वापरलं गेलं. आपल्याकडे ते उशिरा लावतात, म्हणून ते मरणाजवळचं वाटतं.

माळेचा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. कुणीतरी सांगितलंय ते पूर्वी खरंच होतं. साठ वर्षं इन्शुलिन गाईच्या आणि डुकराच्या स्वादुपिंडातून काढत. १९८२ पासून मानवी इन्शुलिन जिवाणू किंवा यीस्टमध्ये तयार करून विकायला लागलं, आणि आता बाजारात मिळतं ते जवळजवळ सगळं असंच. वोक्हार्ट या औषध कंपनीनं औरंगाबादेत बनवलेलं असं इन्शुलिन २००३ मध्ये बाजारात आणलं. बाबांना सांगा, तो कारखाना आपल्याच राज्यात होता. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ‘एन’ किंवा ‘३०/७०’ लिहिलेल्या दुधी रंगाच्या इन्शुलिनमध्ये प्रोटामिन नावाचं प्रथिन असतं, त्यानं औषधाचा असर लांबतो, आणि ते माशांपासून मिळतं. ग्लार्जिनमध्ये ते नसतं, ते पाण्यासारखं स्वच्छ असतं. म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेलं नेमकं तेच बाबांना चालण्यासारखं आहे. पुढे कुणी स्वस्त पडतं म्हणून दुधी इन्शुलिनवर बदलायचं म्हणालं, तर ही अडचण आधी सांगा.

तुमच्या भीतीबद्दल. पेनची सुई चार मिलिमीटरची असते, तांदळाच्या दाण्याहूनही लहान. पहिलं इंजेक्शन दवाखान्यात नर्ससमोर घ्या, आणि बटण बाबांनाच दाबू द्या. ज्यांना स्वतःचं स्वतः जमतं त्यांची कुरकुर लवकर थांबते. सुई बसवायची, आधी दोन युनिट हवेत सोडून थेंब येतो का पाहायचं, मग १० वर आकडा फिरवायचा. बेंबीपासून दोन बोटं सोडून पोटावर किंवा मांडीवर. बाबा बारीक झालेत, म्हणून कातडीची हलकी चिमूट धरा. बटण पूर्ण दाबल्यावर दहा आकडे मोजेपर्यंत सुई आतच राहू द्या, नाहीतर थेंब बाहेर येतो. सुई काढून जाड प्लास्टिकच्या डब्यात टाका, पेनला लावून ठेवू नका. जागा रोज बदला. एकाच सोयीच्या जागी टोचत राहिलं की तिथे मऊ गाठ होते, आणि तिथून इन्शुलिन कधी शोषलं जातं कधी नाही.

भीती बाळगायचीच असेल तर ती सुईची नको, सिरिंजची बाळगा. पेनच्या काडतुसात एका मिलिलिटरला १०० युनिट असतात. आपल्याकडे बाटलीत मिळणारं बरंचसं इन्शुलिन ४० चं असतं, आणि त्याची लाल टोपणाची सिरिंज ४० लाच आखलेली असते. आत्याच्या घरी अशा सिरिंजा पडून असतील. कधी पेन बिघडलं आणि कुणी हुशारी करून काडतुसातून लाल टोपणाच्या सिरिंजनं १० च्या रेषेपर्यंत ओढलं, तर आत जातील २५ युनिट. अडीचपट. ४० च्या बाटलीला १०० ची सिरिंज लावली तर उलटं, १० च्या जागी चारच. पेनचं औषध पेननंच द्यायचं, काडतुसाला सिरिंज लावायची नाही.

साखर उतरणं हा इन्शुलिनचा खरा धोका. ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड, चिडचिड, आणि कधी कधी माणूस नुसताच असंबद्ध बोलतो. लगेच तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात घालून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, तरी कमी असेल तर पुन्हा द्या. पेढा, लाडू, चॉकलेट नको. त्यातलं तूप साखर शोषायला उशीर लावतं. साखर जागेवर आली की मग भाकरी, पोळी काहीतरी खाऊ घाला.

माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. इथे स्वादुपिंडाचं दुसरं संप्रेरक औषध म्हणून कामाला येतं. ग्लुकॅगॉनचं एक मिलिग्रॅमचं इंजेक्शन स्नायूत दिलं की यकृतातली साठवण मोकळी होते आणि बहुतेक वेळा १०-१५ मिनिटांत माणूस डोळे उघडतो. नाकात फवारायचं ग्लुकॅगॉनही निघालंय. पण आपल्याकडे तालुक्याच्या मेडिकलमध्ये ते सहजी मिळत नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका. आणि यकृतात साठाच नसेल, म्हणजे माणूस दिवसभर उपाशी असेल किंवा दारू प्यायलेला असेल, तर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

आता वारी. जाऊ द्या, अडवू नका. पण इन्शुलिन आजच सुरू करा, म्हणजे निघायच्या आधी डोस बसलेला असेल. दिंडीत दिवसभर चालणं होतं, चालताना स्नायू साखर ओढून घेतात, आणि घरचा डोस तिथे जास्त होऊ शकतो. निघायच्या आठ-दहा दिवस आधी डॉक्टरांकडे जाऊन चालण्याच्या दिवसांचा इन्शुलिन आणि ग्लिमेपिराइडचा डोस लिहून घ्या. या दोघांची जोडी उपाशी माणसाला खाली पाडते. एकादशीचा प्रश्न त्यातच आला. साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर साखर चढणार, निर्जळी केली तर उतरणार, म्हणून त्या दिवशीचं वेगळं विचारा. चालू पेन साध्या तापमानाला साधारण चार आठवडे टिकतं, पण सामानाच्या ट्रकमध्ये ताडपत्रीखाली ठेवू नका. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात, खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. न वापरलेली पेनं घरी फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही, गोठलेलं इन्शुलिन वाया जातं. खिशात ग्लुकोजची पुडी असू द्या, आणि ती कुठे आहे हे दिंडीतल्या दोघांना माहीत असू द्या. अनवाणी चालायचं नाही, ही एक अट मात्र बाबांकडून कबूल करून घ्या. रोज रात्री मुक्कामावर तळपाय टॉर्चनं पाहायचे, बोटांच्या बेचक्यांसकट. विठोबा चपलेवरून रागावत नाही.

भावाला सांगा, कारल्याची भाजी खुशाल खा. पण गोळ्या बंद करून काढा नको, आणि ‘शुगरची पुडी’ तर मुळीच नको. अशा काही पुड्यांत ॲलोपॅथीच्याच गोळ्या कुटून घातलेल्या सापडल्या आहेत, त्यांनी शुगर उतरते आणि श्रेय जडीबुटीला जातं. नवीन इंजेक्शनं, सेमाग्लुटाइड, टिर्झेपॅटाइड वगैरे, चांगली औषधं आहेत. ती आतड्यातल्या संप्रेरकांची नक्कल करतात : बीटा पेशींकडून इन्शुलिन काढून घेतात, ग्लुकॅगॉन दाबतात, भूक कमी करतात. लठ्ठ माणसाला मी स्वतः देतो. पण ज्याचं वजन आपोआप सात किलो गेलंय त्याची भूक मारायची, हे आत्ता योग्य नाही. घट थांबू दे, मग त्याचा विचार करता येईल.

मेटफॉर्मिन बहुधा चालूच राहील. ग्लिमेपिराइड कमी करायचं की बंद, हे पहिल्याच भेटीत विचारा. सकाळची उपाशीपोटीची शुगर रोज वहीत लिहा, समोर रात्रीचा डोस लिहा. १० युनिट हा बहुतेकांचा सुरुवातीचा डोस असतो. सकाळची शुगर खाली येईपर्यंत डॉक्टर तो दोन-दोन युनिटनं वाढवत नेतील. २० झालं, २४ झालं, तर बाबा म्हणतील, बघ, आजार वाढला. वाढलेला नसतो. त्यांच्या शरीराला किती लागतं ते मोजणं तोवर चालू असतं.